गप्प म्हणजे तयार

“कुणाची तरी मुलगी असेल. बापाची वाट बघत बसलीय.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं, इंग्रजीत, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर. शूटिंग क्लबच्या रेंजवर पत्र्याच्या शेडखाली एक लांब बाक आहे, त्याच्या टोकाला मी बसले होते. बोलणारे दोघेही पन्नाशीतले जुने सभासद. दुसरा म्हणाला, मग जरा सरकायला सांग तिला, बॅग ठेवू दे. पहिल्याने माझ्याकडे बघून हसत हाताने खूण केली आणि मी सरकले. कमरेला काडतुसांचा पट्टा होता, पण ढगळ टी-शर्टाखाली तो झाकला गेला होता. टी-शर्ट जरासा वर केला असता तरी पुरलं असतं.

थोड्या वेळाने रेंज ऑफिसरने माझं नाव पुकारलं. उच्चार चुकीचा, पण नाव माझंच. ते दोघे इकडेतिकडे बघायला लागले, कोण आहे बुवा ही. आता उठले तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल असं माझ्या मनात आलं आणि उठायला मला उशीर झाला. तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. शेवटी मला क्लबात आणणारी माझी ऑफिसातली सीनियर पलीकडून आली, तिने माझा दंड धरून मला उभं केलं आणि ऑफिसरला सांगितलं की ही इथेच होती, हिला ओरडता येत नाही एवढंच. दोघे सभासद मोठ्याने हसले. वाईट नव्हते ते. एकाने बॅग उचलून मला माझी जागा परत दिली.

मी बोलत नाही हे घरात, शाळेत, ऑफिसात सगळ्यांनाच माहीत असतं. बालवाडीच्या वयात मी पुण्याहून सिंगापूरला आले. शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी ऐकणारी. आईने रोज संध्याकाळी बसवून मराठी लिहा-वाचायला शिकवलं, त्यामुळे हे लिहिता येतंय. पण न बोलण्याचा गुण शिकवावा लागला नाही, तो घरातच होता. बाबा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे मुदतीच्या नोकरी-परवान्यावर, आले आणि इतक्या वर्षांत त्या पासचं नूतनीकरण जवळ आलं की घरातला आवाज आपोआप खाली यायचा. क्लेमेंटीच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईच्या पोछ्याचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. आईने कपडे आत घ्यायला सुरुवात केली. वर जाऊन सांगणं हा विषयच नव्हता. बाबा म्हणायचे, आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने सोफ्याबद्दल तक्रार करायची नसते.

सीनियर चाळिशीतली, इथलीच, चिनी. वन-नॉर्थच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. शनिवारी काय करतेस असं मी कधीच विचारलं नसतं. तिनेच एकदा जेवताना सांगितलं आणि पाहुणी म्हणून मला रेंजवर घेऊन गेली. आवाजाला मी घाबरेन असं तिला वाटलं होतं. आवाज मोठाच होता, छातीत बसणारा. पण मी बघत होते ते गोळीबाराच्या आधीचं.

प्रॅक्टिकल शॉटगनमध्ये एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो. लाकडी आडोसे असतात, खिडक्या असतात, काही ठिकाणी वाकून जायचं असतं. वाटेत लोखंडी पाट्या आणि कागदी लक्ष्यं मांडलेली असतात. पाट्या पाडत पुढे जायचं. वेळही मोजतात आणि नेमही. बंदूक बारा बोअरची, तिच्या पोटात काडतुसं थोडीच मावतात, म्हणून पळता पळता पट्ट्यातून काढून ती पुन्हा भरायची. बघणाऱ्याला वाटतं हा नेमबाजीचा खेळ आहे. खरं तर तो बराचसा भरण्याचा खेळ आहे. कुठल्या आडोशामागे किती भरायची हे ज्याने आधी ठरवलं तो सुटतो.

ते ठरवायला सगळ्यांना थोडा वेळ देतात. तेव्हा माणसं रिकाम्या हातांनी त्या आडोशांमधून चालतात, बोट रोखून पाट्या मोजतात, हवेत काडतुसं भरतात, ओठातल्या ओठात पुटपुटतात. वकील, टॅक्सीवाला, दातांचा डॉक्टर, सगळे तसेच. एवढी माणसं एकत्र आणि कुणालाच कुणाशी बोलायचं नाही. मला तिथे फार बरं वाटलं.

या देशात बंदुकीबद्दल कुणी सहज बोलत नाही. कायदा किती कडक आहे हे शाळेपासून कानावर असतं. क्लबने माझी कागदपत्रं पोलिसांकडे पाठवली, परवानगीची वाट बघण्यात महिने गेले, मग सुरक्षेचा वर्ग, लेखी परीक्षा, हातात रिकामी बंदूक घेऊन तासन्‌तास नुसतं उभं राहणं. बंदूक क्लबची, ती शस्त्रागारातून निघते आणि तिथेच परत जाते. काडतुसं मोजून मिळतात. झाडल्यावर उरलेली रिकामी टरफलंसुद्धा मोजून परत द्यायची. घरी निघण्याआधी खिसे उलटे करायचे, पँटची दुमडलेली कड उलगडून बघायची, कारण तिथे एखादं रिकामं टरफल अडकून घरी गेलं तर तोही गुन्हाच. घरी सरावासाठी खोटी बंदूक ठेवायचीही सोय नाही. खेळण्यातली वाटावी अशीसुद्धा नको, असं वर्गात बजावून सांगितलं होतं.

मग मी लाटण्याने सराव केला. लाटणं उजव्या काखेत दाबायचं आणि डाव्या हाताने कमरेच्या पट्ट्यातून गोंदाच्या कांड्या काढायच्या. शाळकरी मुलं वापरतात त्या जाड कांड्या, साधारण काडतुसाएवढ्याच असतात. दोन-दोन एका मुठीत, मग अंगठ्याने लाटण्याच्या पोटाखाली सरकवल्यासारखं करायचं. पहिले काही आठवडे कांड्या फरशीवर पडत राहिल्या. आई एकदा पोळ्या करायला बसली आणि लाटणं शोधत माझ्या खोलीत आली. दारातच थांबून बघत राहिली. तिने एवढंच विचारलं की हे झाल्यावर धुऊन देणार आहेस ना. पुढच्या आठवड्यात ती लिटल इंडियातून जुन्यापेक्षा जाड एक लाटणं घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून गेली.

आई तशी या सगळ्याच्या बाजूची होती असं नाही. पण खंडेनवमीला तिने पाट मांडला, तेव्हा माझ्या वस्तू मागून घेतल्या. आमच्याकडे ही पूजा दरवर्षी होते. शस्त्रं नाहीत, म्हणून बाबांचा लॅपटॉप, त्यांचा स्क्रूड्रायव्हरचा संच, आईची सुरी आणि कात्री. त्या वर्षी तिने माझे कान झाकायचे मफ, नेमबाजीचा चष्मा आणि रिकामा पट्टा मध्यभागी ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. पट्ट्याच्या प्रत्येक कप्प्यात काडतुसाऐवजी एकेक फूल खोचलं. छान दिसत होतं. तिने फोटो काढला आणि पुण्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला.

काकाने लगेच लिहिलं, “वा, मुख्य बाई कुठे आहेत? कपाटात लपवली का बंदूक?” त्यावर आत्याने, “सोफ्याखाली बघा.” त्यावर चुलत भावाने, “सिंगापूर पोलीस, नमस्कार.” मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

बाबा ऑफिसातून घरी येत होते. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांनी ते वाचलं असावं. दार उघडून आत आले ते चपला न काढता. असं ते कधी करत नाहीत. आईचा फोन मागितला, फोटो काढून टाकला, मग काकाला फोन लावून तुझं ते लिहिलेलं पुसून टाक, आत्ताच्या आत्ता, असं सांगितलं. काका हसत असणार, कारण बाबा म्हणाले, “अरे, तुला तिकडे बसून गंमत वाटते.” आई देवासमोर उभी राहून, माझंच चुकलं, असं दोनदा म्हणाली. घरात बंदूक नाही, कधी नव्हती, फोटोत तर फुलं होती; पण हे त्या क्षणी बोलून उपयोग नव्हता.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. बाबांच्या कंपनीने त्यांना यापुढे मुदतवाढ मिळणार नाही असं सांगितलं होतं. ते आणि आई पुण्याला परत जाणार, मी इथे राहणार. जाण्याआधी माझं पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, हातात पडावी एवढीच त्यांची इच्छा उरली होती. माझा अर्ज त्यांनी माझ्याबरोबर बसून भरला होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. क्लबात जाण्याने त्या अर्जाला धक्का बसतो असं कुठल्याही नियमात नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. बाबांनाही ते माहीत होतं. पण इतकी वर्षं ते नियमांवर विसंबून राहिलेच नव्हते. कुणाच्या नजरेत न येणं, यावर त्यांचं सगळं चाललं होतं.

जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, पीआरचं होईपर्यंत हे थांबवता येईल का, बघ. मी सक्ती करत नाही. तू समजूतदार आहेस. मी हातातल्या गोंदाच्या कांडीचं टोपण लावत होते. मी काही बोलले नाही. ते, “बरं,” म्हणून गेले. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी घरून निघाले ते सीनियरकडे जाते असं आईला सांगून. खोटं नव्हतं, ती क्लबातच होती. त्या दिवशी नवख्यांची शेवटची चाचणी होती. ती झाली की क्लबच्या स्पर्धांत उतरता येतं. परीक्षा घेणारे रेंज ऑफिसर म्हणजे निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. सगळे त्यांना अंकल म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे सभासदसुद्धा.

या खेळात एक नियम आहे. खेळाडूने बंदूक भरली, ठरलेल्या जागी उभा राहिला, की मागे उभा असलेला ऑफिसर विचारतो, आर यू रेडी? याला उत्तर द्यायचं नसतं. गप्प राहिलं म्हणजे तयार. तयार नसलात तरच बोलायचं, नॉट रेडी. मग ऑफिसर थांबतो, आणि कुणी कुरकुर करत नाही. हा नियम वर्गात पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो माझ्यासाठीच केलाय असं वाटलं होतं मला. कुठेतरी एक जागा होती, जिथे गप्प बसणं हेच बरोबर उत्तर होतं.

मी बंदूक भरली. दस्ता खांद्याला लावून नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे केली. आणि तेव्हाच जाणवलं की पट्टा कमरेवर फिरलाय. डाव्या बाजूला असायला हवीत ती काडतुसं जवळजवळ पाठीवर गेली होती. सकाळी घाईत पट्टा एक भोक सैल बांधला गेला असणार. मागे बाकावर माणसं होती, सीनियर होती, माझ्यानंतरची मुलं पट्टे बांधून उभी होती. अंकलनी विचारलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. एवढ्या लोकांना थांबवायचं, परत सगळं उतरवायचं, पट्टा सारखा करायचा, सगळे बघणार. बघू, हात पोचेल, असं मी स्वतःला सांगितलं.

“स्टँड बाय.” मग घड्याळाचा बीप.

पहिल्या खिडकीतून दिसणाऱ्या पाट्या मी नीट पाडल्या. त्या एकेक करून मागे कोसळताना मला दिसल्या, आणि क्षणभर मी खूश होते. मग भरण्यासाठी डावा हात कमरेकडे नेला. बोटांना नुसता पट्टा लागला. हात आणखी मागे गेला, त्याच्यामागे खांदा गेला, खांद्याबरोबर कंबर वळली. आणि या सगळ्याबरोबर बंदूक वळली.

“स्टॉप.”

ते ओरडले नाहीत. शिकवताना बोलतात त्याच आवाजात म्हणाले. मी थिजले. नळी डावीकडच्या सिमेंटच्या भिंतीकडे होती. माझं बोट चापावर नव्हतं, तेवढी सवय मुरली होती. पण आत एक काडतूस शिल्लक होतं, आणि भिंतीच्या पलीकडे दुसरी रेंज होती, जिथे माणसं होती. नळी समोर आण, रिकामी कर, दाखव, असं ते एकेक सांगत गेले आणि मी करत गेले. शिल्लक राहिलेलं काडतूस खाली पडलं आणि माझ्या बुटाजवळ येऊन थांबलं.

नळी वळली की त्या दिवसापुरतं बाद. त्यात वाद नसतो. त्यांनी मला बाजूला नेलं, बाकापासून दूर. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, पट्टा सरकलाय हे तुला कधी कळलं, मी विचारायच्या आधी की नंतर?

“आधी,” मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग म्हणाले, “गप्प राहिलीस की मला ‘हो’ ऐकू येतं, गर्ल. मी तुझ्या पाठीमागे उभा असतो. मला तुझं तोंड दिसत नाही. मी दुसरं काय ऐकणार, लाह?”

जानेवारीत पुढची तुकडी आहे, यायचं असेल तर ये, असंही म्हणाले. मी मान हलवली. ते तोवर परत जाऊन, वाकून काडतूस उचलत होते.

घरी मी काही सांगितलं नाही. मफ, चष्मा, पट्टा पिशवीत घालून कपाटावर टाकले. पुढचा शनिवार घरातच काढला, त्याच्या पुढचाही. बाद झाल्याचं कुणाला सांगायची लाज वाटत होती, आणि ती नळी वळल्याचं सारखं डोळ्यांसमोर येत होतं. चहाचा कप उचलताना खांदा वळला तरी दचकायला व्हायचं. आई बघत होती. बाबांनी कपाटावरची पिशवी बघितली आणि आपल्या परीने अर्थ लावला.

ते बदलले. सकाळी माझा चहा स्वतः करायला लागले. तोआ पायोहला कामासाठी गेले की तिथल्या खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमधून माझ्यासाठी तौ हुए आणायचे, सोयाबीनच्या दुधाचं गरम, खरवसासारखं थरथरणारं, डब्यात सांडणार नाही असं दोन पिशव्यांत गुंडाळून. शेजारी बसून मी खाताना बघायचे. इतक्या वर्षांत त्यांना माझ्यासाठी एवढा वेळ कधी मिळाला नव्हता. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून काही बोलायला गेले आणि नुसताच हात ठेवून उठले. मी त्यांच्यासाठी काहीतरी सोडलंय असं ते समजत होते. मी काहीच केलं नव्हतं. माझ्याकडून एक चूक झाली होती, आणि रात्री दार लावून लाटणं काखेत धरून मी परत पहिल्यापासून सराव करत होते. आता पट्टा आधी दोनदा ओढून बघत होते. बाबांना सांगितलं तर तौ हुए बंद होईल असं काही नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते जाईल, आणि ते माझ्या एका वाक्याने जाईल, हे मला माहीत होतं. पुण्याला जायचे दिवस जवळ येत होते. ते समाधान त्यांना बरोबर नेऊ द्यावं, पीआर आलं की सांगू, ते गेले की सांगू, असं मी रोज ठरवत होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी बाबांचे जुने सहकारी आणि त्यांच्या पत्नी जेवायला आले. मी लहान असल्यापासून त्यांना काका-काकू म्हणते. आईने मसालेभात केला होता, मी वाढत होते. काकांनी मला बघितलं आणि विचारलं, काय, अजून गोळ्या घालतेस का लोखंडाला?

माझ्याआधी बाबा बोलले. “नाही, नाही. ते बंद झालं. एकदाच म्हणालो मी तिला. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.”

काकू म्हणाल्या, बरं झालं बाई, उद्या स्थळाला काय सांगणार होतात, मुलगी बारा बोअर चालवते म्हणून? काका म्हणाले, उलट सांगायलाच हवं, हुंड्याचं नाव काढायची हिंमत होणार नाही कुणाची. सगळे हसले. बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अलीकडे ते तसे हसले नव्हते.

आई हसली नाही. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून ती माझ्याकडे बघत होती. रात्री बंद दारामागे गोंदाच्या कांड्या फरशीवर पडतात तो आवाज तिच्या खोलीत जातो, हे मला त्या क्षणी कळलं. तीही गप्पच होती.

“आमची पोर समजूतदार आहे,” बाबा काकांना सांगत होते. “न बोलता कळतं तिला.”

काकांच्या पानात मी ताक वाढत होते. ते वाढून झालं. भांडं टेबलावर ठेवलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, तसंच, गेले काही आठवडे बघायचे तसं. माझ्या तोंडातला शब्द पुन्हा मागे जायला लागला होता.

“बाबा, मी सोडलेलं नाही. माझ्या हातून बंदुकीची नळी वळली, म्हणून त्यांनी मला बाद केलं होतं. जानेवारीत मी परत जाणार आहे.”